शेऱ्याचा रकाना

"मग रीडिंग कोणी घेतलं?" मॅडमनी विचारलं आणि माझी पाटी एकदम कोरी झाली. प्रश्न काही अवघड नव्हता, तिसरीतल्या पोरानेही उत्तर दिलं असतं. त्या रविवारी खोलीत माणसं किती होती, असं त्यांनी आधी विचारलं होतं आणि मी ताठ मानेने सांगितलं होतं की एकही नाही मॅडम, खोली रिकामी होती, वहीत पहिल्याच ओळीत लिहिलंय, माणसं शून्य. मॅडमना बाराही महिने सर्दी. त्यांनी रुमाल नाकाशी नेला आणि दुसऱ्या हातातली पेन्सिल आमच्या आलेखावर टेकवली. बाहेर आठ अंश. आत हीटर बंद केला तेव्हा चोवीस. सहा तासांनी खोली पार उतरून आठ पॉइंट आठला यायला हवी होती, आमचं समीकरण तसं छातीठोक सांगत होतं. माझी खोली दहा पॉइंट सातला येऊन अडून बसली होती. मॅडमची पेन्सिल त्या दोन अंशांच्या फटीत इकडून तिकडे फिरत राहिली. "दर दहा मिनिटांनी, सदतीस वेळा, कोणीतरी थर्मामीटर वाचलाय. कोणी? भुताने?" वर्ग खो खो हसला. कॅप्टन हसला, मौनी हसला, बारकीसुद्धा हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा, म्हणजे सगळ्यांचं हसून झाल्यावर माझा एकट्याचाच आवाज राहिला. असं माझं नेहमीच होतं.

आता हे सांगून कोणाला पटणार? मी खोटं बोललो नव्हतो. त्या खोलीत सकाळी दहा ते दुपारी चार मीच बसलो होतो, खाटेवर, पाय रगात गुंडाळून, वही मांडीवर घेऊन. आणि त्याच वहीत वर माणसं शून्य असं लिहिताना माझा हात जराही अडखळला नव्हता. रात्रभर मी त्याच विचारात होतो. इथे यायच्या आधी पाच वर्षं मी फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये होतो. तिथला मिस्त्री म्हणजे आग्या वेताळ. आत जाणारा प्रत्येक माणूस हा एक छोटा हीटरच असतो, असं तो म्हणायचा. किती शिरले, किती निघाले, हे दारावरच्या फळ्यावर खडूने लिहिलंच पाहिजे. फळ्यापाशी मी उभा असायचो. पाच आत, तीन बाहेर, दोन आत. मोजणारा माणूस दाराबाहेर असतो, त्याला मोजायचा प्रश्नच येत नाही. पाच वर्षांत मी किती हजार माणसं मोजली असतील देव जाणे, त्यात मी एकदाही नव्हतो. सवय लागते हो. पण ही सवय इतकी हाडात गेली असेल, की स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खाटेवर बसूनही आपण दाराबाहेरच आहोत असं वाटावं, हे काही मला माहीत नव्हतं. मला घाबरायला झालं, खरंच.

वर्गात मला काका म्हणतात. वय सत्तावीस, पण बाकीची सगळी एकोणीस-वीसची, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी काका झालो. आपापसात अरे-तुरे, गुद्दे, शिव्या, सगळं. माझ्याशी मात्र अहो काका, बसा काका, तुम्हाला चालेल का काका. सुरुवातीला गंमत वाटली, मग कंटाळा आला, मग काही वाटेनासं झालं. प्रोजेक्टसाठी चौघांचे गट पाडले तेव्हा मी उरलो होतो आणि या तिघांना एक माणूस कमी होता, म्हणून मी यांच्यात. खडू कायम ज्याच्या हातात असतो तो कॅप्टन. तोंडाचा पट्टा कधीच बंद होत नाही तो मौनी. आणि बारकी, जी पहिल्या बाकावर बसूनही मागून दिसत नाही. विषय मॅडमनी दिला होता: एखादी खोली थंड कशी होते ते डिफरन्शिअल इक्वेशन मांडून सांगा आणि मग खरोखर मोजून पडताळा. गोष्ट तशी साधी. खोली किती घाईने थंड होते ते आतल्या-बाहेरच्या फरकावर ठरतं; फरक मोठा तर घाई, फरक लहान तर आळस. कॅप्टनने फळ्यावर ते एका ओळीत मांडलं आणि म्हणाला, आता खोली कोणाची? त्याच्या घरी ऊन येतं, मौनीकडे दोन भाऊ आणि आजोबा, बारकीच्या घरी दिवसभर काहीतरी शिजत असतं. "काका, तुमची खोली बेस्ट," कॅप्टन म्हणाला. "एक खिडकी, एक दार, ऊन नाही. खाली शिंप्याचं दुकान, रविवारी बंद. शेजारी गोदाम. आणि मुख्य म्हणजे कोणी येत-जात नाही." हे सगळं मीच त्याला कधीतरी सांगितलं असणार. पण त्याच्या तोंडून ते असं एकापाठोपाठ एक ऐकताना कोणीतरी माझ्या घराची झडती घेतंय असं वाटलं. तरीही मी खूश झालो. माझी खोली बेस्ट होती ना!

तो पहिला रविवार मला आवडला होता, उगाच कशाला नाकारू. दहाच्या ठोक्याला हीटर बंद केला. त्याची जाळी टकटक करत निवत गेली आणि मग खोली गप्प झाली. वहीत चार रकाने आखले होते: वेळ, आत, बाहेर, शेरा. शेऱ्याचा रकाना मिस्त्रीने लावलेली खोड. तो रिकामा दिसला की त्याला वाटायचं आपण झोपलो होतो. मग काहीही लिहा, दार करकरतंय लिहा, पण लिहा. पहिल्या तासात पारा भराभर उतरला. आधी पायाची बोटं कळेनाशी झाली, मग कानांच्या पाळ्या, मग पेन धरलेली दोन बोटं. श्वास दिसायला लागला. साडेबाराला आईचा फोन आला. आई ताईकडे असते, ताई आणि दाजी दोघं नोकरीवर, भाचीला सांभाळायला कोणी हवंच होतं. तिचे तीन प्रश्न ठरलेले. जेवलास का, झोप लागते का, सोबतीला कोणी आहे का. "आहेत ना," मी म्हटलं, "ग्रुप आहे माझा. प्रोजेक्ट चाललाय." "मग आवाज कसा नाही कोणाचा?" आई म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मोजमाप चाललंय, बोलायचं नसतं." ती लगेच आवाज लहान करून म्हणाली, "बरं बरं, ठेवते मग," आणि खरंच ठेवला. फोनच्या नादात बारा चाळीसचं रीडिंग दहा-बारा सेकंद उशिरा घेतलं, तेही मी शेऱ्यात लिहून ठेवलं.

मॅडमच्या त्या प्रश्नानंतर आम्ही कँटीनमध्ये बसलो. कॅप्टनचा चेहरा पडला होता. वर्गासमोर हसं झालेलं त्याला अजिबात खपत नाही. "काका, रागावू नका, पण एक काय ते सांगा. तुम्ही खोलीत होतात की नव्हतात?" मी म्हटलं, होतो. "मग शून्य का लिहिलंत?" मी म्हटलं, चुकलो. "चुकलो म्हणजे? स्वतः बसलाय आणि शून्य लिहिताय? असं कोणी चुकतं का?" मौनी मध्येच म्हणाला की सहा तास दर दहा मिनिटांनी कोण बसतं राव, मी तर दोन रीडिंग घेतली असती आणि बाकीची ठोकून दिली असती. "तेच म्हणतोय मी," कॅप्टन म्हणाला. मी वही पुढे केली, शेरे दाखवले. "शेरे काय, कोणीही बसून लिहील." मग त्याने शांतपणे सांगितलं की मॅडम सोमवारपर्यंत थांबतील. लॅबमधला आपोआप नोंद घेणारा यंत्र-थर्मामीटर आणू, खोली पूर्ण रिकामी ठेवून पुन्हा मोजू, आणि तुमचे आकडे बनावट निघाले तर मॅडमना तसं सांगावं लागेल, ग्रुपमधून नाव काढावं लागेल, आमचा नाइलाज आहे. नाव निघालं म्हणजे प्रोजेक्ट गेला, प्रोजेक्ट गेला म्हणजे वर्ष. चालू नोकरी सोडून मी इथे आलो होतो, दाजी अजूनही म्हणतात की या वयात शाळेत जायची हौस आलीय. पण खरं सांगू का, त्या टेबलावर मला वर्षाचं एवढं वाटलं नाही. मला एवढंच हवं होतं की तिघांपैकी एकाने तरी म्हणावं, हो, हा बसला असेल. कोणी म्हणालं नाही. बारकी कपाच्या तळाची साखर चमच्याने खरवडत होती.

दुसऱ्या रविवारी मला माझ्याच खोलीतून हद्दपारी. सकाळी सहा ते दहा हीटर चालणार, तो किती वॅट खातो ते मीटर लिहून ठेवणार, दहाला टायमर त्याला बंद करणार, मग चारपर्यंत यंत्र एकटं मोजत बसणार. म्हणजे दहा तास मी बाहेर. पावणेसहाला कुलूप लावलं आणि जिन्यात उभा राहिलो. कुठे जायचं? माणसाला दहा तासांसाठी घराबाहेर काढायचं ठरवायला दहा मिनिटंही लागत नाहीत, हे तेव्हा कळलं. वाचनालय रविवारी बंद. बस स्टँडवर बाकं होती पण लोखंडी, बसलं की थंडी थेट मणक्यात. एका दुकानाच्या दारात बसलेलं कुत्रं मला बघून उठलं, माझ्यासाठी जागा केल्यासारखं जरा सरकलं आणि पुन्हा बसलं. मी चालत राहिलो. गल्ल्यांमधून जाताना खिडक्यांकडे बघायची सवयच लागली: कुठल्या खिडकीच्या काचा धुरकटल्यात, कुठल्या स्वच्छ कोरड्या. धुरकट काच म्हणजे आत माणसं. एका तळमजल्याच्या काचेवर आतून कोणीतरी बोटाने गोल चेहरा काढला होता, डोळे, तोंड, दोन कान. मी तिथे किती वेळ उभा राहिलो असेन कोण जाणे, कारण आतून एक बाई आली आणि तिने पडदा ओढला. चोर समजली असेल. कोल्ड स्टोरेजमध्ये असताना मी नेहमी म्हणायचो, थंडीचं मला काही नाही. पण तिथे थंडी दाराच्या आत होती, बाहेर पडलं की ऊन असायचं, मिस्त्रीच्या शिव्या असायच्या, पाच-सहा जण हात चोळत उभे असायचे. इथे बाहेर पडून जायचं ते कुठे? तीन वाजता मी परत आलो आणि शिंप्याच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. वर माझी खोली माझ्यावाचून थंड होत होती. तिचं काही अडलेलं नव्हतं.

अडलेलं नव्हतंच. यंत्राने काढलेली रेघ पुस्तकात छापावी अशी आली. चारला आठ पॉइंट आठ. कॅप्टनने समीकरणाची रेघ तिच्यावर ठेवली, दोन्ही एकावर एक, फट म्हणून नाही. मौनीने टेबलावर ढोल वाजवला. खोली चोवीसवर धरून ठेवायला हीटर पाचशे साठ वॅट खात होता, फरक सोळाचा, म्हणजे एका अंशाला पस्तीस वॅट. तेव्हा माझे ते दोन अंश म्हणजे सत्तर वॅट. खोलीत सत्तर वॅटचं काहीतरी होतं, एवढं तर आता कॅप्टनलाही मानावं लागलं. पण त्याने पुस्तक उघडलं. बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता टाकतो, असं त्यात लिहिलं होतं. "शंभर पाहिजेत, सत्तर आलेत. तीस कुठे गेले काका?" तो वाईट मनाने बोलत नव्हता, हिशेब लागत नाही म्हणून बोलत होता. "म्हणजे तुम्ही सहातले चार तास बसलात. दोन तास बाहेर गेलात आणि तेवढी रीडिंग ठोकलीत. मान्य करून टाका ना, आम्ही मॅडमना काही सांगत नाही." मौनी म्हणाला, "किंवा काका पूर्ण माणूस नाहीत, सत्तर टक्केच आहेत." मला हसू आलं नाही. मी खाली वाकून घट्ट असलेली नाडी पुन्हा बांधायला घेतली, सत्तावीस वर्षांच्या बाप्याने, कँटीनमध्ये, भर दुपारी. कारण क्षणभर मलाच वाटलं की असेलही. नसेन मी पूर्ण. मोजलंय त्यांनी.

बारकी माझी वही चाळत होती. ती बोलते तेव्हा आधी दोनदा घसा खाकरते. "बारा चाळीस, खिडकी पुसली," तिने वाचलं. "दोन दहा, खिडकी पुसली, बाहेरचा पारा दिसेना. तीन तीस, पुन्हा पुसली, फडकं पिळलं." मग ती माझ्याकडे वळली. "फडकं पिळलंत म्हणजे? एवढं पाणी होतं?" मी म्हटलं, होतं की, खाली जमिनीवर ओघळ आला होता. "अरे कॅप्टन," ती म्हणाली, "माणूस काय नुसता हीटर असतो का? श्वास सोडतो, घाम येतो. शंभरातले तीसेक वॅट वाफेतच जातात. हवा तापवायला उरतात सत्तरच." तिने वहीच्या मागच्या पानावर भराभर गुणाकार केला. तीस वॅट म्हणजे तासाला पंचेचाळीस ग्रॅम पाणी, सहा तासांचं पाव लिटरहून थोडं जास्त, म्हणजे एक पेला. "एक पेलाभर पाणी त्या काचेवर आलं आणि यांनी ते पुसलं. आकडे ठोकणाऱ्याने शंभराच्या हिशेबाने ठोकले असते. हे सहाच्या सहा तास बसलेत." कॅप्टनने वही घेतली, गुणाकार तपासला, एकदा, दोनदा. मग वही बंद करून माझ्यासमोर ठेवली. "सॉरी काका. मनावर घेऊ नका." मी कसलं मनावर घेतोय! माझा जीव इतका भांड्यात पडला की मी सगळ्यांना चहा सांगितला आणि माझाच प्यायचा विसरलो. सहाच्या सहा तास बसलेत. हे वाक्य मी घरी जाताना रस्ताभर घोळवत गेलो.

मॅडमही खूश झाल्या. नाक पुसत म्हणाल्या, छान, आता तुमच्या समीकरणात माणूस आला. मग एक काम करा, आधी भाकीत करा आणि मग मोजा. चौघे एकत्र बसलात तर खोली कुठे थांबेल? कॅप्टनने जागच्या जागी उत्तर दिलं, चार सत्तरे दोनशे ऐंशी, भागिले पस्तीस, आठ अंश वर. म्हणजे शेवटी सोळा, आणि चार वाजेपर्यंत उतरून सोळा पॉइंट चार. "मग बसा रविवारी आणि दाखवा," मॅडम म्हणाल्या. आता ही काही मोठी गोष्ट नव्हती, मान्य. पण माझ्या खोलीत आजवर घरमालक आणि नळ दुरुस्त करणारा, असे दोघेच येऊन गेले होते. शनिवारी मी जमीन पुसली. शिंप्याकडून तीन स्टुलं मागून आणली. तो म्हणाला, काय, पाहुणे का? मी म्हटलं, ग्रुप आहे. खाटेखालचं सामान बांधून कपाटावर टाकलं, चार कप घासले, आणि कोण कुठे बसेल ते ठरवायला लागलो तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. तरी ठरवलं. बारकीला खिडकीपासून लांब, तिला लवकर सर्दी होते.

रविवारी दहाला मी हीटर बंद केला, कारण प्रयोग दहाला सुरू व्हायचा होता आणि ते येतच असणार. दहा वाजून वीस मिनिटांनी कॅप्टनचा मेसेज आला. काका, आम्ही नाही येत, मौनीच्या घरी जमलोय, सगळं तिघं मिळून इथेच उरकतोय. चार माणसं घालून आलेख काढलाय, झकास आलाय. तुम्ही फक्त वहीत आकडे उतरवून ठेवा. थोडे वर-खाली करा, म्हणजे खरे वाटतील. खाली मौनीने अंगठा पाठवला होता. मी मेसेज तीनदा वाचला. तुम्हीही या, असं कुठे राहून गेलंय का ते बघत होतो. राहून गेलं नव्हतं, लिहिलंच नव्हतं. मला संताप आला. दोन आठवड्यांपूर्वी याच आकड्यांपायी माझं नाव काढायला निघालेला हा माणूस! फोन करून चार शब्द सुनवावेत असं वाटलं. मॅडमना जाऊन सांगावं असंही वाटलं. सांगितलं असतं तर तिघंही गेले असते, आणि मग पुन्हा मी दाराबाहेर, फळ्यापाशी. मी वही उघडली. वर लिहिलं, माणसं चार.

सगळे आकडे पाच मिनिटांत उतरवता आले असते. तसं केलं नाही. का ते विचारू नका. मी खाटेवर बसलो, पाय रगात घेतले आणि दर दहा मिनिटांनी, घड्याळ बघून, कॅल्क्युलेटरवर एक आकडा काढायचा आणि एक ओळ लिहायची असं सुरू केलं. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवायची मला सवय नाही. १०.५०, मौनी गप्प, पहिल्यांदाच. ११.१०, कॅप्टनने स्टूल भिंतीकडे सरकवलं, पाठ टेकायला. ११.४०, मौनीने कोल्ड स्टोरेजची गोष्ट सांगायला लावली. ती गोष्ट मी मग मनात पूर्ण सांगितली, मिस्त्रीच्या आवाजासकट, आणि ते हसले तिथे थांबलो. १२.३०, चहा बाहेरून आणला, आत उकळला नाही, उष्णता वाढू नये म्हणून. हा शेरा लिहून मला फारच हुशार वाटलं. आईचा फोन आला तो मी घेतला नाही, कारण खोलीत माणसं होती. १.२०, बारकी म्हणाली, इथे बरं वाटतंय. हे लिहून झाल्यावर मी बराच वेळ पुढची ओळ लिहिली नाही, एक तीस चुकलं असतं जवळजवळ. वहीत सतरा अंश होते आणि पायांना अकरा. दातावर दात वाजत होते. काच एका माणसापुरतीच धुरकटली होती. चारला मी सोळा पॉइंट चार लिहिलं, मग ते खोडून सोळा पॉइंट पाच केलं, कारण खरी खोली इतकी शहाण्यासारखी वागत नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी कॅप्टनने आलेख लावला आणि फडाफडा सगळं सांगितलं. "मोजलंत ना? चौघे बसलात?" मॅडमनी विचारलं. "हो मॅडम," कॅप्टन म्हणाला. "हो तर," मौनी म्हणाला. मॅडमनी हात पुढे केला. "वही?" मी दिली. ती वही तिघांपैकी कोणी उघडूनही बघितली नव्हती. मॅडम आकडे बघतील आणि परत देतील असं मला वाटलं होतं, पण त्या वाचायला लागल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. "मौनी गप्प, पहिल्यांदाच," त्यांनी मोठ्याने वाचलं. वर्ग हसला. मौनीने कॅप्टनकडे बघितलं, कॅप्टनने माझ्याकडे. "चहा बाहेरून आणला, आत उकळला नाही. वा! बघा, आलेख कोणीही काढेल. असले शेरे तिथे बसल्याशिवाय सुचत नाहीत." माझे कान तापले. थांबा मॅडम, पुरे, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण त्या पुढची ओळ वाचायलाही लागल्या होत्या. "एक वीस. बारकी म्हणाली, इथे बरं वाटतंय." मॅडमनी चष्म्यावरून वर बघितलं. "बारकी कोण तुमच्यातली?"

ती उभी राहिली. उभी राहूनही बाकापेक्षा फारशी वर येत नाही. एक शब्द पुरला असता तिला. त्या रविवारी एक वीसला ती मौनीच्या घरी होती, तिथे ती काय म्हणत होती मला माहीत नाही. ती माझ्याकडे वळून बघायला लागली आणि बघतच राहिली. रागाने नाही, हसत तर नाहीच. तिने आधी एकदा घसा खाकरला, मग पुन्हा एकदा. "हो मॅडम," ती म्हणाली. "म्हणाले होते मी." मॅडमनी त्या ओळीपुढे लाल पेनने बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. मी बाकाची कड धरून उभा होतो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तरी डोक्यात एकच चाललं होतं: आता ते लिहिलेलं आहे, तपासलेलं आहे, म्हणजे ती आली होती.